कूल माणसाचा क्वार्टर

आमचे हे, तेजराम, रिगर होते. कारखान्याची नवीन चिमणी उभी होऊन राहिली होती, तिच्यावर लोखंड चढवायचं काम. एक दिवस वरचा दोर सुटला. सारे पळाले, सगळ्यात पुढं यायच्या संगं काम करणारा चंपत. यायनं मात्र लोखंड वर ओढायच्या विंचचा ब्रेक दाबून धरला, खालची दोन माणसं वाचली. साहेबानं खुश होऊन इंग्रजीत कागद देला: तेजराम फार कूल माणूस आहे.

मायबाई, काय तो थाट! शाळेतल्या गुरुजीले जाऊन अर्थ इचारला. गुरुजी म्हणे, "संकटातही ज्याचं डोस्कं ठिकाणावर राहते, तो कूल." झालं, लगेच फ्रेम केली. टिनाच्या झोपडीत खिळा कुठं ठोकाव? मंग छपराच्या बल्लीले टांगली.

मे लागला. टिन असं तापे का पोरीच्या अंगावर फोड आले, दिवसभर रडे. कंपनीच्या पक्क्या क्वार्टरची यादी निंघाली, आमचं नाव नाही. दुसरी निंघाली, तरी नाही. चंपतले सेक्टर 2 मध्ये भेटला! तो ऑफिसासमोर रोज बोंबलत होता ना.

"तुमी कावून नाही बोलत?"

हे म्हणे, "बोललो. साहेब म्हणे, तेजराम, तू तो कूल आदमी है, थोड़ा ठहर जा."

"अन् तुमी ठहरले?"

"मंग? कागदावर लिहून आहे ना."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गुरुजीनं अर्धाच अर्थ सांगतला होता. साहेबाच्या तोंडी कूल म्हणजे ज्याले सगळ्यात शेवटी देलं तरी चालते, तो.

पोरगी कडेवर घेतली, शेगडी डोक्यावर घेतली, अन् भर दुपारी साहेबाच्या व्हरांड्यात, वाळ्याच्या ताटीमागं, भाकरी थापाले बसली. धूर गेला आत. साहेब आला लालबुंद.

"ये क्या तमाशा है! पुलिस बुलाऊँगा!"

"बोलवा. तोवर पोरगी सावलीत तर राहीन." अन् फ्रेम त्याच्या हातात देली. "हे तुमीच ठेवा साहेब. आज गरज तुमालेच आहे."

तिसऱ्या दिवशी चावी भेटली, सेक्टर 2 चीच. संगं साहेबाचा नवा कागद: माणूस कूल आहे, बायको बिलकुल नाही.

हे मान खाली घालून बसले. मी म्हटलं, "आणा तो हातोडा, हा कागद टांगू. आता भिंत पक्की आहे."