निळ्या पेन्सिलीतली हॅट

मंत्र्यांना पेपरात छापून आलेलं आपलं व्यंगचित्र इतकं आवडलं होतं, की हाताने काढलेलं मूळ चित्र त्यांना आपल्या दिवाणखान्यात लावायचं होतं, आणि ते न्यायला ते आज दुपारी जातीने पेपरच्या कचेरीत येणार होते. संपादकांनी ही बातमी सगळ्यांसमोर सांगितली. बातमीदारांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी व्यंगचित्रकाराची पाठ थोपटली, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

कचेरीत त्याला सगळे रेघोबा म्हणत. कानामागे सदा एक निळी पेन्सिल खोचलेली. आज सगळा घोळ त्या पेन्सिलीनेच घातला होता.

चित्र छापायचं तर आधी त्याचा फोटो काढून जस्ताचा ब्लॉक करावा लागतो, आणि त्या कॅमेऱ्याला फिकट निळा रंग दिसत नाही. म्हणून चित्रकार आधी निळ्या पेन्सिलीने आखून घेतो, वरून शाई फिरवतो आणि निळं तसंच राहू देतो. जे छापून येणारच नाही ते पुसण्याचे कष्ट कोण घेणार? रेघोबाने तर जन्मात घेतले नव्हते.

वर त्याची एक खोडही होती. रोज सकाळी तो साध्या कागदावर कल्पना काढून संपादकांपुढे ठेवी. संपादक चष्मा कपाळावर सारून म्हणत, "झकास आहे. पण जरा मऊ करा." की हा मुकाट्याने मऊ करी. मात्र जाड कागदावर पक्कं चित्र काढताना आधी निळ्यात मनासारखं सगळं काढून घेई, आणि त्यावर शाईत संपादकांच्या मनासारखं. संपादक मूळ चित्र कधी बघत नसत, त्यांच्याकडे ब्लॉकचा छाप जाई. निळं बघे तो एकटा तळघरातला ब्लॉकवाला, आणि पोट धरधरून हसे. तेवढ्यावर रेघोबाचा दिवस भागे. घरी सासरे पेपर उघडून म्हणायचे, "जावईबापू, आजही मीठ कमीच." हा म्हणायचा, "आमच्या संपादकांना सांगा, मामंजी." बायको आतून हसायची. दोन खोल्यांचं ते घर पेपरचं होतं. नोकरी गेली की घरही गेलं.

आणि या चित्रात काय होतं? छापलेल्या चित्रात मंत्री हसतमुखाने नव्या पुलावर उभे. निळ्यात तोच पूल मधोमध तुटलेला, खरा आहे तसा, आणि मंत्र्यांच्या बाजूला, एका हातात त्यांची हॅट धरून, कमरेत वाकलेले संपादक. चष्मा कपाळावर. शेंबडं पोरही ओळखेल असे.

रेघोबा तळघराकडे धावला. ब्लॉकवाला हात पुसत म्हणाला, "आत्ताच साहेबांनी वर मागवून घेतलं. आज मात्र तुझी खैर नाही रे बाबा." आज तो हसला नाही, त्यामुळे रेघोबाचं उरलंसुरलं अवसानही गेलं.

खिशात खोडरबर टाकून तो संपादकांच्या दारात उभा राहिला. टेबलावर चित्र होतं, वर पातळ कागद गुंडाळलेला. अजून कुणी उघडलं नव्हतं.

"साहेब, जरा साफसफाई राहिलीय. घेऊन जातो, दोन मिनिटांत आणतो."

"घेऊन कुठे जाता? ते येतीलच एवढ्यात. इथेच करा."

झालं! रेघोबाने कागद बाजूला केला, डावा पंजा निळ्या संपादकांवर पालथा ठेवला आणि उजव्या हाताने तुटका पूल खोडायला घेतला. समोर दोन हातांवर खरे संपादक टाय नीट करत होते. पूल निघाला. आता पंजा उचलायचा, म्हणजे हॅट उघडी पडणार. संपादक खिडकीकडे वळण्याची तो वाट बघत राहिला. ते वळले, पण मोटार फाटकात शिरलेली बघून, आणि लगेच म्हणाले, "बास, बास! आले. उठा तिथून."

मंत्री आले ते मोठ्याने बोलतच आले. "कुठाय आमचं चित्र?" ते धरायला त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून त्यांनी डोक्यावरची हॅट काढली आणि न बघताच शेजारी उभ्या असलेल्या संपादकांच्या हातात दिली. संपादकांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मंत्री चित्र उजेडाकडे धरून बघू लागले, तसे संपादकही कौतुकाने कमरेत वाकून बघू लागले.

रेघोबाला संपादकांचा चेहरा दिसत होता. त्यावरचं हसू आधी थांबलं, मग गेलं. त्यांनी हातातल्या हॅटकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. मग हळूच एक हात वर नेऊन कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. बायकोला आता काय सांगायचं, सासऱ्यांना घेऊन जायचं कुठे?

"नाक जरा मोठं काढलंय," मंत्री म्हणाले, "पण माणूस उमदा दिसतोय. आणि हे बाजूला निळं-निळं काय आहे?"

"खुणा असतात त्या," संपादकच म्हणाले. "छापून येत नाहीत."

"मग असू द्या की!" मंत्र्यांनी चित्र काखोटीला मारलं, संपादकांच्या हातातून हॅट घेतली आणि आले तसे गेले.

दार बंद झालं. रेघोबा खाली मान घालून उभा राहिला. संपादक बराच वेळ टेबलावरचा खोडरबरचा चुरा बोटाने गोळा करत होते.

"चूक आहे तुमच्या चित्रात," ते म्हणाले. "एका हातात दाखवलीत. मी ती दोन्ही हातांनी धरली होती."

"साहेब, माझं जरा..."

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्यापासून."

संपादकांनी मान डोलावली. "आता ते चित्र त्यांच्या दिवाणखान्यात लागणार. येणारा-जाणारा बघणार. माझं मी बघून घेईन. पण एक सांगतो. मी मऊ करा म्हणायचो आणि तुम्ही करायचात. एकदा तरी नाही म्हणालात? निळ्यात शूर कुणीही असतो." त्यांनी हात पुढे केला. रेघोबाला वाटलं, आता घराची किल्ली मागणार. "ती पेन्सिल द्या इकडे. उद्याची कल्पना मला दाखवायची नाही. सरळ शाईत काढा आणि खाली पाठवा. काय वाटेल ते काढा, मी अडवणार नाही."

रेघोबा आपल्या टेबलाशी आला. नोकरी वाचली होती. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडेना. समोर कोरा जाड कागद, हातात टाक. आता जे काढेल ते घरोघर जाणार होतं. याच एका दिवसासाठी तो इतकी वर्षं संपादकांच्या नावाने बोटं मोडत आला होता, आणि आता टाक कागदाला टेकवेना. टाकातून एक थेंब कागदावर पडला. इतकी वर्षं आपणही घाबरतच होतो, हे त्याला तेव्हा कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

त्याने पूल काढला, मधोमध तुटलेला. मंत्री काढले, उघड्या डोक्याने. शेजारी कमरेत वाकलेला माणूस काढला, दोन्ही हातांनी हॅट धरलेला. चेहऱ्यापाशी तो थांबला. मग चष्मा न काढता त्याने त्या माणसाच्या कानामागे एक पेन्सिल काढली, आणि चित्र वाळायच्या आत स्वतःच तळघरात नेऊन दिलं.