शब्द नसलेल्या पुस्तकातलं घर

वाचनालयातल्या मुलांच्या कोपऱ्यात ग्रंथपालबाईंना सगळी पोरं ताई म्हणत. ताईंची रीत साधी होती. अक्षरं मागाहून, आधी चित्रं. पुस्तक मुलाच्या मांडीवर ठेवायचं, पानं त्यालाच उलटू द्यायची आणि आपण मध्ये तोंड घालायचं नाही.

या रीतीला एकच पोरगी दाद देत नव्हती. पाच वर्षांची, अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला पिटुकली म्हणत. पुस्तक पुढे केलं की ती हात पाठीमागे लपवायची. तिची आई तोवर खिडकीजवळच्या खुर्चीत कपाळ दाबत बसलेली असायची.

ऐन थंडीत ताईंनी तिच्यासाठी एक पुस्तक शोधून काढलं. त्यात शब्दच नव्हते. नुसतं एक घर, समोरची भिंत काढून टाकल्यासारखं, सगळ्या खोल्या उघड्या. पिटुकलीने पहिल्यांदाच पानावर बोट ठेवलं, पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर.

"हा झोपला. हलवला तरी उठला नाही."

ताई हरखून गेल्या. "बरं, मग?"

"मग आजी मोरीत पडली. मग तिला उलटी झाली."

चित्रातली आजी तर आरामात विणत बसली होती. पोरगी मनाने रचतेय, रचू दे, म्हणून ताई गप्प राहिल्या. घरी जाताना मात्र त्यांना ते सारखं आठवत राहिलं.

पुढच्या खेपेला पिटुकलीने आल्या आल्या तेच पुस्तक मागितलं. जेवणाच्या टेबलाभोवती घरातली माणसं हसत बसलेली, ते पान तिने उघडलं.

"हे सगळे झोपलेत," ती म्हणाली.

"अगं, डोळे उघडे आहेत बघ त्यांचे."

"पोपटाचे पण उघडेच होते."

पुस्तक तसंच तिच्या मांडीवर ठेवून ताई उठल्या आणि आईपाशी गेल्या.

"तुमच्याकडे पोपट आहे का हो?"

"होता. गेला बिचारा." आईला जरा नवल वाटलं. "पिटुकलीने सांगितलं वाटतं?"

"आणि तिची आजी पडली होती?"

"चक्कर आली होती त्यांना. आमच्या घराला काय झालंय कोण जाणे, सगळ्यांचीच डोकी ठणकतात. इथे येऊन जरा बसले की माझं उतरतं, घरी पाऊल टाकलं की पुन्हा सुरू."

ताईंनी लगेच विचारलं, "घरात काय लावता ऊब यायला?"

"गॅसचा हीटर. खिडक्या घट्ट लावून घेतल्यात, बाळाला वारा लागायला नको म्हणून."

"बाळ आत्ता कुठे आहे?"

"घरीच, सासूबाईंजवळ."

"फोन लावा त्यांना. आत्ता."

फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला, तरी तेच. आईचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती चप्पल न घालताच बाहेर धावली. ताईंनी वाचनालयाच्या नोंदवहीतला पत्ता अग्निशामक दलाला सांगितला, पिटुकलीला कडेवर घेतलं आणि त्याही मागे निघाल्या.

घर मागच्याच गल्लीत होतं. ताई पोचल्या तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आई बाळाला छातीशी धरून पायरीवर बसली होती. बाळाचे गाल लालबुंद दिसत होते, पण मान लुळी पडली होती.

जवान आले. त्यांच्या हातातलं विषारी वायू हुडकणारं यंत्र उंबरठ्यावरच किंचाळायला लागलं. त्यांनी आजीला चादरीत उचलून बाहेर आणलं आणि बाळाच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा धरला. पिटुकली ताईंच्या खांद्यावरून सगळं निरखत होती, पुस्तकातलं पान निरखावं तसं. बऱ्याच वेळाने बाळ चिरक्या आवाजात रडलं, तेव्हा आईही रडली.

बाळ सावरलं. आजी वाचल्या, पण त्यांचे शब्द हरवले. चमच्याला त्या दार म्हणत, दाराला काहीच म्हणत नसत.

वसंतात आई पिटुकलीला आणि आजींना घेऊन वाचनालयात आली. पिटुकलीने स्वतःच कपाटातून बोटींचं एक जाडजूड पुस्तक ओढून काढलं आणि आजीच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय आहे, आजी?"

आजींनी खूप वेळ चित्राकडे पाहिलं. "घर," त्या म्हणाल्या.

"नाही गं. बोट. म्हण, बोट."

ताई पलीकडे पुस्तकं लावत होत्या. त्यांचा हात थांबला. आजींचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. पिटुकलीने घाई केली नाही. तिने आजीचं बोट धरून पुन्हा चित्रावर टेकवलं.