सोसेल इतकं गरम

थंडी ओसरू लागलेल्या एका सोमवारी सकाळी, हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, पावलांचे विकार पाहणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीत, एका वृद्ध भट्टीवाल्याचा डावा मोजा कात्रीने कापून काढण्यात आला.

मोज्याखालून जे निघाले ते पाहून त्याच्या मुलीने रुमाल नाकाशी नेला आणि लगेच ओशाळून खाली घेतला. बोटे काळी पडली होती; तळव्याची कातडी भिजल्या कागदासारखी सुटून आली होती.

"दुखतं?" डॉक्टरांनी विचारले.

"छे! ज्याचं जळतं त्याला कळतं, डॉक्टर. मला काही कळत नाही, म्हणजे जळलेलं नाही. हिनं उगाच माझी वरात काढली."

मुलगी सांगू लागली. गेल्या आठवड्यात बाबांचा डावा पाय गार पडला, म्हणून तो टबात ठेवून तिने त्यात गरम पाणी ओतले होते. दर वेळी हात थांबवून विचारले होते, "सोसतंय ना?" आणि दर वेळी उत्तर आले होते, "सोसतंय! जन्म पावाच्या भट्टीसमोर काढलाय, ओत!" मागाहून आलेले फोड त्याने मोज्यात झाकले. तिला कळले ते काल, वासावरून.

डॉक्टरांनी पावलाच्या पाठीवर दोन बोटे ठेवून नाडी शोधली, मग घोट्यामागे शोधली. बराच वेळ शोधली, पण लागली नाही. त्यानंतर ते उजव्या, धडधाकट दिसणाऱ्या पावलाकडे वळले आणि त्यांनी नायलॉनचा एक ताठ दोरा उचलला.

"काका, डोळे मिटा. दोरा टेकला की 'हो' म्हणा."

दोरा अंगठ्याला टेकून वाकला. म्हातारा गप्प. करंगळीखाली टेकला, टाचेला टेकला, तरी गप्प. डॉक्टरांनी हात मागे घेतला. शांतता जरा लांबली, तसा म्हातारा ठणकावून म्हणाला, "हो!" आणि थोड्या वेळाने पुन्हा, "हो!"

दोरा हवेत होता.

मुलीच्या ध्यानात आले. तिचा हात थांबला की बाबांचे तोंड "सोसतंय" म्हणत होते. पायाला त्यात कोणी विचारलेच नव्हते.

"पास ना?" म्हातारा डोळे मिटूनच म्हणाला.

"बाबा, गप्प बसा हो."

"साखरेच्या आजारानं यांच्या नसा बधिर झाल्यात, ताई," डॉक्टर म्हणाले. "पाण्यात आधी तुमचं कोपर बुडवायला हवं होतं. यांचं 'सोसतंय' ऐकून चालत नाही."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "तिला बोलू नका. ओत म्हणालो ते मी."

मुलीने विचारले, "पाय वाचेल ना?"

"उजवा वाचेल, रोज तळवा बघितलात तर. डावं पाऊल काढावं लागेल. आजच."