देवीला हर्सूल ठाऊक नव्हतं

मुकुंदवाडीत अक्षरमहाराजांच्या दारात चपलांचा ढीग गुडघ्याला लागला होता. महाराजांच्या अंगात वाग्देवी यायची आणि चौरंगावरच्या मखमलीखालून छापील कागद बाहेर पडायचा. कुणाला मंगलाष्टका, कुणाला अख्खी कादंबरी. देवी कागदाच्या दोन्ही बाजूंना प्रसन्न व्हायची.

रत्नमालाबाई रांगेत होत्या. रविवारी वडिलांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, सगळ्यांसमोर त्यांच्यावर दोन पानं वाचायची होती, आणि आठ दिवसांत वहीत एकच शब्द उतरला होता : ‘बाबा’.

“मोबाईल बंद! देवीच्या लहरी अडतात,” महाराज गरजले. “बोल माई, वडील कोण?”

“गवंडी होते. नामांतराच्या आंदोलनात चौदा दिवस हर्सूलला होते.”

“हर्सूलला! चौदा दिवस!” महाराज गळ्यातल्या टपोऱ्या रुद्राक्षाकडं बघून ओरडले.

मखमल थरथरली. कागद आला. बाईंनी मोठ्यानं वाचला : “बाबा निसर्गप्रेमी होते. हर्सूलच्या रम्य तलावाकाठी त्यांनी चौदा दिवस विसावा घेतला. पक्ष्यांचा किलबिलाट...”

“विसावा? जेलात?” मागून म्हातारे सर्जेराव फिस्सकन हसले. “आपल्याकडं ‘हर्सूलला होता’ म्हणलं की शेंबड्या पोरालाबी कळतंय!”

“महाराज, देवी कुठल्या गावची?” म्हणत बाईंनी मखमल ओढली. खाली प्रिंटर. त्याची वायर धरून त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या, तर महाराजांचा मेहुणा कडुबा कानात इअरफोन घालून लॅपटॉपपुढं चिवडा खात बसलेला. रुद्राक्षात माईक होता.

“ताई, चिवड्यात आंदोलन ऐकूच आलं नाय,” कडुबा म्हणाला. “मी एआयला नुसतं ‘हर्सूल, चौदा दिवस’ सांगितलं. पक्षी त्यानं घातले.”

बाई बाहेर येऊन रांगेला म्हणाल्या, “यंत्र वाईट नाही. शुद्धलेखन तपासून घ्या, अडलं तर विचारा, फक्त त्याची मदत घेतली हे उघड सांगा. मखमल घातली की लबाडी. आणि एक ध्यानात ठेवा, माहीत नसलं तरी ते गप्प बसत नाही, पक्षी सोडतं. म्हणून खरं-खोटं आपणच तपासायचं. माहीत असलेली माणसं अजून जिवंत आहेत, त्यांना विचारा.”

“मला विचार की,” सर्जेराव म्हणाले. “तुझ्या बापाच्या शेजारीच झोपायचो मी, त्याच बराकीत.”

“मग काका, तुम्ही इथं रांगेत कशाला?”

“आत्मचरित्र लिहून घ्यायला.”

बाईंनी पायरीवर बसून वही उघडली. “पहिल्या दिवशी जेवायला काय होतं?”

“खडे,” सर्जेराव म्हणाले. “त्यात थोडा भात.”