वाळल्या मिरचीचा रंग

“ष्टँडवर जाऊन चहा घेऊन या, हणमंतराव. अजून लई टाइम हाय,” लिंबाजी मिस्त्री दुसऱ्यांदा म्हणाले.

“मी हलत न्हाई,” हणमंतराव पोत्यावर मांडी घालत म्हणाले. “गाव समदं घागरी घेऊन बसलंय. पंप चालू हुईस्तोवर तोंड दाखवायची सोय न्हाई मला.”

हणमंतरावांच्या विहिरीतलं पाणी उतरेल तसा पंपही खाली न्यावा लागत होता. काल उतरवताना दोर सुटला आणि पंपाचं कवच खडकावर आपटून उभं तडकलं. गावात पाणी उरलेली ती एकच विहीर होती.

कवच बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं होतं. बीड एकाच जागी तापवलं तर तिथं फुगतं, बाजूचं गार अंग त्याला जागा देत नाही, आणि निवताना ते पुन्हा तडकतं. म्हणून जोडण्याआधी सगळं कवच गोवऱ्यांच्या भट्टीत सारखं तापवायचं. मंद लाल झालं की जोडायचं. त्याआधी नाही आणि त्याच्या फार पुढेही नाही. ही लाली उजेडात दिसत नाही, म्हणून अहमदपुरातल्या घरामागच्या त्या पत्र्याच्या शेडला लिंबाजींनी गोणपाटाचे पडदे लावले होते.

ती लाली लिंबाजींना आता अंधारातही दिसत नव्हती. गॅसची झगझगीत ज्योत दिसायची, वितळलेल्या धातूची चमक दिसायची. मंद लाल मात्र काळ्यात मिसळून जायचं. डोळ्याचा पडदा गेलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे फक्त त्यांच्या बायकोला, पंचफुलाला ठाऊक होतं. गिऱ्हाईक चहाला गेलं की ती शेडमध्ये यायची, भट्टीत बघून रंग सांगायची आणि परत जायची.

“पोरं म्हणत होती लातूरला न्या,” हणमंतराव म्हणाले. “आता जिल्हा झालाय, मोठाली वर्कशॉपं निघून राहिलीत. मी म्हणलं, माझ्या बापाचं इंजन लिंबाजीनंच जोडलं. दुसऱ्याचा हात लागू द्यायचा न्हाई.”

लिंबाजींनी भट्टीत आणखी दोन गोवऱ्या सरकवल्या. पडदा हलला.

“आवं, चहा टाकू का?” पंचफुलानं दारातूनच विचारलं. तिची नजर भट्टीवर होती.

“टाका की, बाई,” हणमंतरावच म्हणाले.

ती क्षणभर घुटमळली आणि गेली.

लिंबाजींनी गॅस पेटवला. ज्योत बारीक केली, बिडाची कांडी उचलली, कवचावर वाकले. अंगावर येणारी धग नेहमीसारखीच वाटत होती, पण धगेवरून नक्की कळत नव्हतं. ज्योत भेगेपासून वीतभर अंतरावर थांबली. मग त्यांनी ती विझवली.

“हणमंतराव, मला रंग दिसत न्हाई.”

“म्हंजी?”

“हे लाल झालं का न्हाई, ते कळत न्हाई. दोन वर्षं झाली.”

हणमंतराव पोत्यावरून अर्धवट उठले. “मग आमच्या शिवप्पाचं इंजन? ते गेल्या साली तुम्हीच केलं ना?”

“जोडलं मीच. रंग हिनं सांगितला.” चहा घेऊन आलेल्या पंचफुलाकडे त्यांनी हात केला. “तुम्हाला न्यायचं तर न्या. निवलं की उचला.”

हणमंतरावांनी वाकून भट्टीत पाहिलं. “ह्यात काय सांगायचं? लाल हाय की!”

“लाल कुठलं?” पंचफुला म्हणाली. “वांग्यावर हाय अजून.”

“वांग्यावर?”

“आधी वांगं, मग वाळलं बोर, मग वाळली मिरची. मिरचीवर आलं की जोडायचं. पळसाचं फूल झालं की गेलं कामातून.”

“मला तर समदं सारखंच दिसून राहिलंय.”

“तुम्ही कवा मिरच्या वाळू घातल्यात का?”

हणमंतरावांना हसू आलं, पण ते हसले नाहीत. त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर बैलगाडी सोडलेली होती, लातूरची एसटी तासाभरात होती. मग त्यांनी पोतं ओढून भिंतीकडे सरकवलं आणि भट्टीसमोरची जागा पंचफुलाला मोकळी करून दिली.

“बोर,” काही वेळानं ती म्हणाली. आणि मग, “आता मिरची.”

लिंबाजींनी ज्योत पेटवली. कांडीचं टोक वितळून भेगेत उतरू लागलं. “डावं अंग गार पडून राहिलंय,” ती म्हणायची, आणि ज्योत डावीकडे फिरायची. “बास, पळस व्हायला लागलं,” म्हटलं की मागे यायची. दोघांचंही तिसऱ्या माणसाकडे लक्ष नव्हतं. भेग भरली तसं कवच राखेत पुरलं. ते आपोआप, सावकाश निवायला हवं होतं.

सकाळी राख पार गार झाल्यावर लिंबाजींनी कवच बाहेर काढलं, दोराला टांगलं आणि पान्यानं हलकेच ठोकलं. तडा उरला असता तर आवाज फुटका आला असता. आवाज स्वच्छ, लांबवर निघाला. तो पूर्ण विरेपर्यंत ते कान देऊन उभे होते.

“न्या,” ते म्हणाले.

कवच गाडीला बांधताना हणमंतराव म्हणाले, “मिस्त्री, मेव्हण्याच्या चक्कीचं चाक फुटलंय. बिडाचंच हाय. कवा आणू?”

लिंबाजींनी तोंड स्वयंपाकघराकडे वळवलं. “काय गं, कवा?”

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

“सोमवारी,” पंचफुला म्हणाली. “बाजार उरकला की या.”

हणमंतरावांनी सवयीनं लिंबाजींकडे बघून मान हलवली. मग ते थबकले, दाराकडे वळले.

“येतो, वहिनी.”

आत पुन्हा भाकरी थापायला सुरुवात झाली.