भिंतीवर नसलेला आकडा

बशीत तीन आंगकू, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या लाल वड्या, मांडल्या, उदबत्त्या खोचल्या, तीनदा वाकलो, आणि मग धुरानं धूसर झालेला चष्मा पुसून वर पाहिलं. समोरच्या फोटोत चिया नव्हता. जाड भुवयांचे, पट्ट्यापट्ट्यांचा टाय लावलेले कुणी भलतेच गृहस्थ माझ्याकडे पाहत होते.

"माफ करा हं," मी पुटपुटलो. मेलेल्या माणसांशी मला बोलता येतं. जिवंतांशी जरा अडचण होते.

हातातली चिठ्ठी पुन्हा वाचली. तिसरी रांग, एकतीस. भिंतीवरच्या कोनाड्यालाही एकतीसच आकडा होता.

चिया तेइक हिन माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. गेल्या वर्षी तो गेला तेव्हा मी कमरेचं हाड मोडून इस्पितळात होतो. त्याचा अस्थिकलश माझ्या माघारी या दालनात ठेवला गेला. बरा झाल्यावरही वर यायचा मला धीर झाला नाही. जिना चढवत नाही, असं मी सगळ्यांना सांगत राहिलो. आज आलो तेही निमित्त काढून. खाली कचेरीत नवा संगणक बसवलाय, त्यानं दिलेली चिठ्ठी बरोबर आहे का ते बघायला.

आमच्या चिनी कुलसंस्थेच्या या दालनाची नोंद मी ठेवतो. अकराशे घरांची माणसं इथे आहेत. चेंगबेंगला, म्हणजे पितरांना भेटायच्या दिवशी, ताइपिंग गावाबाहेर गेलेली मुलंबाळं येतात, खिडकीपाशी नाव सांगतात, मी चिठ्ठी देतो, ती चिठ्ठी घेऊन वर जातात. चिठ्ठ्या काढणारा प्रोग्रॅम चियानं स्वतः लिहिलेला, सतरा वर्षांपूर्वी. पण तो ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो ती आता म्हातारी झाली. कंपनी तिची देखभाल या महिन्याअखेर बंद करणार होती. वर्षाला जादा पैसे भरले तर दुरुस्त्या मिळत राहणार, नाही तर दार सताड उघडं, कुणीही चोर आत शिरावा. इंटरनेट तोडून टाकावं म्हटलं तर परदेशातली मंडळी त्यावरूनच पूजा सांगतात.

पाच वाजेपर्यंत कंपनीला कळवायचं होतं. आमच्या अध्यक्षा ऊईबाई सकाळीच म्हणाल्या होत्या, "आपेक, मरायला टेकलेल्या मशीनला पेन्शन कशाला? तुमचं आपलं चिया एके चिया." आपेक म्हणजे म्हातारबुवा. त्या स्वतः सदुसष्टच्या आहेत.

त्यांचं खरं असावं, अशी मलाही शंका होती. पैसे भरावेत असं मला वाटत होतं ते संस्थेसाठी, की मित्राच्या हातचं काही शिल्लक राहावं म्हणून? मला स्वतःची अशी खात्री कधीच देता येत नाही.

जिना उतरून खाली आलो. जुन्या संगणकावर चियाचं नाव काढलं. तिसरी रांग, पस्तीस. नव्यावर पुन्हा काढलं. एकतीस. मग एकेक नाव दोन्हीकडे लावून पाहिलं. पहिल्या तीन कोनाड्यांपर्यंत दोघांचं जुळत होतं. त्यानंतर नवा एकाने मागे, पुढे दोनाने, मग तिनाने.

नवा प्रोग्रॅम बसवणारा शम्सुल टेबलाखाली वायरी गुंडाळत होता. "शम्सुल, नंबर कुणी बदलले?"

"बदलले नाहीत अंकल, सरळ केले. जुन्या यादीत मधूनमधून नंबर गळाले होते ना. दर रांगेत. ओळीनं लावून दिले."

"गळाले नव्हते. ते नाहीतच. भिंतीवर."

"म्हणजे?"

मी बोटं वर केली. अंगठा मिटून, उरलेली.

शम्सुलनं ती मोजली. मग त्यानं कपाळावर हात मारला. "या अल्ला! लिफ्टमध्ये तुम्ही लोक तो मजला गाळता, ते माहितेय मला. पण इथेही? मेलेल्यांना कसली भीती?"

"मेलेल्यांना नाही. भेटायला येणाऱ्यांना."

"मग सांगायचं ना, अंकल! तीन दिवस माझ्याशेजारी बसून उदबत्तीचे प्रकारसुद्धा समजावलेत."

खरं होतं. सगळं समजावलं, एवढं सोडून. तो आकडा ज्यात येतो असा एकही कोनाडा आमच्याकडे नाही, आणि का नाही हे सांगायचं तर तो उच्चारावा लागतो. आमच्या बोलीत त्याचा उच्चार मरणासारखा होतो, म्हणून या इमारतीत कुणी उच्चारत नाही. मीच काय, समितीतल्या अकराही जणांनी जुनी यादी तपासली आणि कुणी तोंड उघडलं नाही. चियानं मात्र मशीनला तो आकडा ओलांडायला शिकवून ठेवलं होतं.

तेवढ्यात ऊईबाई आल्या. "काय आपेक, ठरलं? कळवते मी, नको म्हणून."

चेंगबेंगला नऊ दिवस उरले होते. अकराशे घरं, आणि बहुतेकांनी भलत्याच कुणापुढे वाकायचं. हे सगळं मला नीट सांगता आलं पाहिजे होतं. मी नव्या संगणकाचा कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.

"मॅडम," मी म्हणालो, "तुमच्या सासूबाईंची चिठ्ठी काढून पाहता? नव्यावर."

"मला तोंडपाठ आहे. पहिली रांग, पाच."

"तरी."

त्यांनी एका बोटानं नाव टाइप केलं. चिठ्ठी बाहेर आली. त्यांनी ती वाचली, आणि जळता निखारा टाकावा तशी टेबलावर टाकली.

"हे... हा काय आकडा दिलाय तिला? जिवंतपणी कमी छळलं का मी, की आता इथे नेऊन बसवू?"

शम्सुलनं खाली वाकून वायरी शोधायला घेतल्या. त्याचे खांदे हलत होते.

"चियाच्या मशीनवर पाचच येतो," मी म्हणालो. "हे सुधारता येईल. पण एकेक कोनाडा हातानं ताडून. चेंगबेंग झाल्यावर, सावकाश."

ऊईबाई खुर्चीत बसल्या. बाटलीतलं पाणी प्यायल्या. "भरा पैसे. दोन वर्षांचे भरा."

"एक पुरे," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच ऐकू आला, स्पष्ट. "वर्षभरात मी सगळं नव्यावर नेतो."

"नक्की?"

"नक्की."

हा शब्द मी आयुष्यात फार वेळा वापरलेला नाही. चार वाजून वीस मिनिटांनी पैसे भरल्याचं उत्तर आलं. छातीवरून कुणी पोतं उचलावं तसं झालं. शम्सुलनं रस्त्यापलीकडून तीन कॉफी आणल्या. ऊईबाईंनी सासूबाईंची चिठ्ठी बशीत जाळली आणि मगच कॉफी घेतली.

नंतर मी पुन्हा वर गेलो. भुवयावाल्या गृहस्थांपुढे आंगकू तशाच होत्या, लालचुटूक. वाहिलेलं परत घेता येत नाही. राहू दे त्यांना. त्यांना नमस्कार करून चार कोनाडे... नाही, तीनच कोनाडे पुढे सरकून पस्तीसपाशी गेलो, रिकाम्या हातानं.

चिया होता. फोटोतल्या त्याच्या चष्म्यावर वर्षभराची धूळ बसली होती. ती मी रुमालानं पुसली. मग माझा चष्मा काढून तोही पुसला.