उजव्या पडद्यावरची मापं

घाईत केलेलं काम घाईनेच बिघडतं हे तिला का माहीत नव्हतं? पण बाप न्हाणीघरात घसरून पडलाय असा शेजाऱ्यांचा फोन आल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहतं? ती कृत्रिम पायांची मापं घेणारी. काल दुपारी कार्यशाळेतून जी धावत सुटली, ती संगणक जसाच्या तसा सोडून. टेबलावर दोन पडदे होते. डाव्यावर पायाच्या साच्याचं चित्र आणि उजव्यावर मापांची विंडो. ती मापं जपून ठेवायचं बटण दाबायचं तेवढं राहून गेलं.

बाबांची हाडं शाबूत निघाली. कंबरेला मुका मार होता, आणि तीन दिवस त्यांना एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून आज सकाळी ती बाबांच्या पलंगाशेजारी लॅपटॉप उघडून बसली आणि घरूनच कार्यशाळेतल्या आपल्या संगणकात शिरली.

साच्याचं चित्र दिसलं, मापांची विंडो काही दिसेना. खालच्या पट्टीवर तिचं चिन्ह होतं, म्हणजे विंडो उघडी होती. चिन्हावर क्लिक केलं की ते उजळायचं, पुन्हा केलं की विझायचं, आणि पडद्यावर ढिम्म काही हलायचं नाही. दहाव्या क्लिकला तिच्या डोक्यात प्रकाश पडला. विंडो अजून उजव्या पडद्यावरच बसली होती, आणि लॅपटॉपला उजवा पडदा आणायचा कुठून? जपून ठेवायचं बटणही त्याच विंडोत होतं.

साचा कापायच्या मशीनवर बारा वाजता तिची पाळी होती. चारला शिवणकाम करणाऱ्या बाई पाय घालून बघायला येणार होत्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होत्या. ही पाळी हुकली की पुढची दोन महिन्यांनी. बाईंनी आधी दुसरीकडे दोन पाय करून घेतले होते आणि दोन्ही घरात दाराआड उभे होते. गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला डाळीच्या दाण्याएवढी एक जागा होती. तिथे काही टेकलं की बाईंना ब्रह्मांड आठवायचं. काल दोन तास बोटांनी चाचपून तिने ती जागा नेमकी हेरली होती आणि आकडे थेट विंडोत भरले होते. कागदावर एक अक्षर नव्हतं. अंदाजाने साचा पाठवला तर दाराआड तिसरा पाय उभा राहणार, हे ठरलेलं.

संगणक दुरुस्तीवाल्याने फोनवर नेहमीचं औषध सांगितलं, बंद करून चालू करा. या माणसाकडे डोकेदुखीपासून नायट्यापर्यंत एकच मलम. बंद केलं तर मापं जातील, असं तिने सांगितल्यावर तो म्हणाला, मग बंद करू नका. बाबांनी पडल्या पडल्या सुचवलं की लॅपटॉपच जरा उजवीकडे सरकवून बघ. खरं सांगायचं तर तेही तिने करून पाहिलं होतं.

सव्वाअकराला तिने कार्यशाळेत फोन लावला. कुणीतरी उजवा पडदा बघून आकडे वाचून दाखवले असते तरी काम झालं असतं. बाकीचे चहाला गेले होते, आणि फोन उचलला काकांनी. तिची आशाच मावळली.

काकांनी तीस वर्षं साच्यांत प्लॅस्टर ओतलेलं. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांना नोंदींच्या टेबलावर बसवलं. माऊस धरला की बाण भलतीकडेच पळायचा, आणि एका नोंदीला अर्धा तास लागायचा. माघारी सगळे त्यांना कासव म्हणत. सहा महिन्यांपूर्वी साहेबांकडे जाऊन, काकांमुळे माझी कामं अडतात, असं सांगून आलेली हीच. साहेबांनी काकांना महिन्याची मुदत दिली होती.

काका तिच्या टेबलापाशी जाऊन आले. दोन्ही पडद्यांवर कुलूप आहे, म्हणाले. दुरून कुणी आत शिरलं की इथे काही दिसत नाही. मग त्यांनी विचारलं, विंडो बाहेर राहिली आहे का? त्यांच्या टेबलावरचा दुसरा पडदा काढून नेला, तेव्हा त्यांच्याही विंडो अशाच राहिल्या होत्या.

"चिन्हावर एकदा क्लिक करून ते उजळू द्या," काका म्हणाले. "आता ऑल्ट दाबून धरा आणि स्पेस दाबा. एक यादी उघडेल, पण तीही तिकडेच उघडेल, तुम्हाला दिसणार नाही. दोन्ही सोडून एम दाबा. मग बाणाचं कुठलंही एक बटण."

तिने सगळं केलं, पण काहीच झालं नाही. लॅपटॉपवर साडेअकरा झाले होते.

"विंडो पूर्ण पडदाभर मोठी करून ठेवली होती का?"

"हो."

"मग ती हलणार नाही. आधी ऑल्ट, स्पेस आणि आर. म्हणजे लहान होईल. मग पुन्हा ऑल्ट, स्पेस, एम आणि बाण. नंतर माऊस नुसता हलवा, क्लिक करू नका."

तिने न दिसणारी यादी दोनदा उघडली, आर दाबला, एम दाबला, बाण दाबला आणि माऊस हलवला. उजव्या कडेतून मापांची विंडो माऊसच्या बाणाला चिकटून आत आली. गुडघा, पोटरी, आणि शेवटच्या ओळीत ती डाळीएवढी जागा, सगळं जागच्या जागी होतं. तिने आधी जपून ठेवायचं बटण दाबलं, मग आणखी एकदा दाबलं, आणि मगच श्वास सोडला.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू?" तिला पुढचं गिळून टाकता येत होतं, पण गिळवेना. "साहेबांकडे तुमची तक्रार मीच केली होती."

"माहीत आहे. साहेबांच्या दाराला फट आहे," काका म्हणाले. "ताई, तुमचं खोटं नव्हतं. काम अडत होतंच. त्या महिन्यात माऊस सोडला आणि रोज बटणं पाठ केली. घरी बायको म्हणायची, आता बारावीला बसा."

ती हसली, आणि हसता हसता तिला लाज वाटली. इतके दिवस ती या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसत होती, आणि त्याच्या नोंदी आता वेळेवर होतात हे तिने कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. तसं तिने त्यांना स्पष्टच सांगितलं. काका म्हणाले, ते राहू द्या, बाराची पाळी गाठा. पावणेबाराला साचा मशीनकडे गेला.

चार वाजून गेल्यावर काकांचा फोन आला. बाई पाय घालून कठड्याला धरून उभ्या आहेत, म्हणाले, आणि फोन तिकडे धरला. त्यांच्या हातात तो थरथरत होता, त्यामुळे आवाज मध्येच जवळ यायचा, मध्येच लांब जायचा. कुणीतरी विचारलं, टोचतंय का?

"नाही," बाईंचा आवाज आला. मग त्याच म्हणाल्या, "थांबा, हात सोडून बघते."

एक पाऊल पडलं, मग दुसरं. मग पावलं मोजायची तिला शुद्ध राहिली नाही. ती कानाशी फोन धरून पलंगाच्या कडेवर बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"काय गं, काय झालं?" बाबांनी विचारलं.

"चालतायत, बाबा," ती म्हणाली.